कारण : जाई

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. शाळेतला नव्हे, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पाढे आठवून तोंड वाकडे कराल. मी कारखान्यातला फळा. उंची चार फूट, रुंदी सहा फूट, ॲल्युमिनियमची चौकट, आणि उजव्या कोपऱ्यात एक पोचा आहे, त्याची हकीकत पुढे येईलच. आज मी पिंपळे सौदागरमध्ये पाचव्या मजल्यावरच्या एका घराच्या हॉलमध्ये टांगलेला आहे आणि सध्या फार खुशीत आहे. माझ्या अंगावर पहिल्यांदाच समुद्र येऊन गेला, ही गोष्ट तुम्हाला कधी एकदा सांगतो असे मला झाले आहे.

पण सुरुवातीपासून सांगायला हवे. माझा जन्म भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथून मला चाकणच्या एका मोठ्या गाड्यांच्या कारखान्यात नेले. सयाजी नावाचा मेंटेनन्सचा माणूस होता, हात भारी सरळ. त्याने माझ्या अंगावर बारीक काळी पट्टी चिकटवून सात रकाने आखले आणि वर ऑइलपेंटने नावे घातली: वेळ, काम, टार्गेट, झाले, तफावत, कारण, जबाबदारी. "आता हे जन्मात निघायचं न्हाई," असे म्हणून त्याने ब्रश पुसला. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता. मी साधासुधा फळा राहिलो नव्हतो, मी लाइनचा फळा झालो होतो.

लाइन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गाडीचा सांगाडा हळूहळू पुढे सरकत असतो आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे त्याला एकेक भाग जोडत जातात. माझ्यासमोर स्टीअरिंग बसवत असत. तिथले लाइन लीडर होते कोंडीराम. दर तासाला ते यायचे, खिशातून मार्कर काढायचे, किती गाड्या व्हायला हव्या होत्या आणि किती झाल्या ते लिहायचे. कमी पडल्या, तर तफावतीच्या रकान्यात लाल आकडा, पुढे कारण आणि त्याच्या पुढे एका माणसाचे नाव. लाल आकडा पडला की साहेब लोक माझ्यासमोर जमत. खरे सांगायचे तर मला तेव्हा मजा यायची. सगळा कारखाना माझ्याकडे बघून घाबरतो म्हटल्यावर छाती फुगणारच की.

तिथली एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत आवडायची. प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक पिवळी दोरी होती. काही चुकतेय असे वाटले, की कोणीही ती ओढायची. नवा असो, जुना असो, कंत्राटी असो. दोरी ओढली की एक गाणे वाजायचे आणि अख्खी लाइन थांबायची. नियम असा होता की लीडरने धावत जायचे, आधी "थँक्यू" म्हणायचे आणि मग विचारायचे, "काय झालं?" रागवायचे नाही. एकदा एका नव्या मुलीने बोल्ट तिरका बसला म्हणून दोरी ओढली आणि भीतीने रडायला लागली. कोंडीराम गेले आणि म्हणाले, "थँक्यू, ताई. काय झालं?" ती रडायची थांबली. ही गोष्ट त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितली असणार, कारण पुढे ती मी त्यांच्या घरी निदान दहा वेळा ऐकली.

चौदा वर्षे मी तिथे काम केले. मग भिंतीवर मोठा टीव्ही आला. त्याच्यावर आकडे आपोआप बदलायचे, मार्कर नको की डस्टर नको. माझी रवानगी आधी लॉकरच्या मागे आणि मग भंगाराच्या यार्डात झाली. तिथे एका लोखंडी रॅकने मला कोपरखळी मारली, तोच हा पोचा. दोन पावसाळे मी तिथे उभा होतो. चिमण्यांनी माझे काय केले, ते विचारू नका.

अशात कोंडीराम रिटायर झाले. निरोपाला शाल मिळाली, घड्याळ मिळाले. साहेबांनी विचारले, "अजून काही पाहिजे का, कोंडीराम?" तर ते म्हणाले, "आपला जुना बोर्ड द्या." सगळे हसले. पण सयाजीने खरोखरच मला यार्डातून शोधून काढले, धुतले आणि गेट पास बनवला. त्यावर लिहिले होते, 'जुना फळा, एक नग'. माझ्यावर कोणीतरी काही लिहिण्याऐवजी माझ्याबद्दल लिहिले, ही ती पहिलीच वेळ.

मग टेम्पोच्या टपावर आडवा पडून मी चाकणहून निघालो. तळेगाव चौकात तासभर अडकलो, मोशीत ऊन खाल्ले, नाशिक फाट्याच्या पुलावरून खाली कासारवाडीचे स्टेशन पाहिले. तीस किलोमीटरला अडीच तास लागले. मित्रांनो, भोसरीहून चाकणला गेलो तो सोडला, तर माझ्या आयुष्यातला प्रवास म्हणजे एवढाच. पण आकाश इतके मोठे असते, हे मला त्या दिवशी आडवे पडून कळले.

लिफ्टमध्ये मी मावलो नाही. पाच मजले जिन्याने चढवून मला दारात उभे केले, तेव्हा कोंडीराम धापा टाकत होते आणि जाईबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आता कंपनीच घरी आणली का?" त्या म्हणाल्या. "मशिनी कवा येणारेत?"

जाईबाई म्हणजे कोंडीरामांच्या पत्नी. दोघे धाराशिवकडचे. कोंडीरामांनी आधी पिंपरीत आणि मग चाकणला मिळून एकतीस वर्षे नोकरी केली. त्यातली वीस वर्षे जाईबाई कासारवाडीच्या दोन खोल्यांत कंपनीतल्या मुलांचे डबे करत होत्या. फर्स्ट शिफ्टचे डबे पहाटे, सेकंडचे दुपारी. त्या डब्यांवर घर चालले, मुले शिकली. मुलगा संघर्ष हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. मुलगी मिनल चाकणला पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, बापासारखीच शिफ्ट करते आणि आईसारखी बोलते.

मला हॉलमध्ये टांगले. समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, इकडे मी. पहिले दीड वर्ष माझे हालच झाले. माझ्यावर गॅसचा नंबर, नळाला पाणी येण्याची वेळ, इस्त्रीवाल्याचा फोन. चौकटीवर ओले टॉवेल. शिवाय जाईबाई मला भांड्यांच्या घासणीने घासायच्या. रात्रंदिवस लाइन चालवलेल्या फळ्याला घासणी! पण तक्रार कोणाकडे करणार? माझा जबाबदारीचा रकाना तर कोराच होता.

आणि मग तो गुरुवार आला.

आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. कोंडीरामांना रविवार म्हणजे काय ते आजही नीट कळत नाही. त्या गुरुवारी मिनल घरी होती, संघर्ष आतल्या खोलीतून ऑफिसचे काम करत होता. टीव्हीवर कोकणातला कुठलासा किनारा दाखवत होते. जाईबाई शेंगा सोलता सोलता थांबून बघत होत्या. मिनल एकदम म्हणाली, "पप्पा, तुम्ही मम्मीला समुद्र कधी दाखवणार?"

कोंडीराम खाली बघून सोललेले दाणे वेचायला लागले. कारण लग्न झाले त्या वर्षी त्यांनी जाईबाईंना शब्द दिला होता, सुट्टी मिळाली की समुद्र दाखवतो. त्याला आता बत्तीस वर्षे झाली होती. कधी ओव्हरटाइम आला, कधी कंपनीत नवी गाडी निघाली, कधी मुलांची परीक्षा. समुद्र इथून एका दिवसाच्या वाटेवर, आणि जाईबाईंनी तो टीव्हीवरच पाहिला होता.

"आता माझे गुडघे तरी कुठं ऱ्हायलेत," जाईबाई शेंगांकडे बघत म्हणाल्या. "डॉक्टर म्हंत्यात, उन्हाळ्यात आपरेशन करून घ्या. झालं की बघू."

"बघू नाही," कोंडीराम उठले. "आधी समुद्र, मग ऑपरेशन." त्यांनी माझ्यावरचा ओला टॉवेल उचलून खुर्चीवर टाकला, गॅसचा नंबर पुसला आणि खिशात हात घातला. रिटायर झाले तरी खिशात मार्कर होताच! माझ्या अंगावर शहारा आला म्हणा. त्यांनी सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'समुद्र'.

संघर्ष मीटिंग सोडून बाहेर आला. त्याच्या खात्यावर बारा दिवसांची रजा पडून होती, वर्ष संपले की बुडणार होती. मिनलच्या कंपनीत वर्षाअखेरीला आठवडाभर मशिनी बंद ठेवून दुरुस्ती करतात, त्याला तिची थोडी रजा जोडता येणार होती. आणि एक जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदनेला जायचे म्हणजे जायचेच, त्यात बदल नाही. तेव्हा ठरले: अठरा डिसेंबर, गुरुवारी निघायचे आणि एकोणतीसला घरी.

बारा दिवस! माझ्यावर आजवर आठ तासांच्या पुढचे काही लिहिले गेले नव्हते.

गाडी होती संघर्षची, दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतलेली. ती कोंडीरामांच्याच कारखान्यातली, आणि तिचे स्टीअरिंग आपल्याच लाइनवर बसले आहे, असे ते ज्याला त्याला ऐकवायचे. गंमत अशी की इतकी वर्षे गाड्यांना स्टीअरिंग बसवणाऱ्या या माणसाला गाडी चालवता येत नाही. कंपनीची बस दारात येत होती, शिकायची गरजच पडली नाही. चालवायला संघर्ष आणि मिनल, आलटून पालटून.

पुढचे तीन गुरुवार मी हवेत होतो. मिनलने निळा मार्कर आणला. मित्रांनो, मला काळा माहीत होता, लाल तर चांगलाच माहीत होता, पण निळा माझ्या अंगाला कधी लागला नव्हता. तिने माझ्या डाव्या बाजूला वरून खाली एक लांब वाकडीतिकडी निळी रेघ ओढली. "हा समुद्र," ती म्हणाली. रेघेच्या कडेकडेने नावे उगवली: रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, कारवार, गोकर्ण. संघर्षला जंगले हवी होती. त्याने हिरवा मार्कर आणून चार राष्ट्रीय उद्याने लिहिली: चांदोली, मोले, अंशी, आणि पार खाली कुद्रेमुख.

"जंगलात काय बघायचं? झाडं?" मिनल म्हणाली. "आधी मालवण."

"तू वाघ सोडून मासे बघणार का?"

"वाघ दिसणार नाही. मासा ताटात दिसतोच, भावा."

कोंडीरामांनी भांडण मिटवले. "एक आड एक घ्या. फर्स्ट शिफ्ट जंगल, सेकंड शिफ्ट किनारा." आणि ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. संघर्ष फोनवर बघून अंतरे सांगायचा, ते लिहायचे. घाट असला की पंधरा मिनिटे वाढवायचे. रकाने तर सयाजीने आखलेले तयारच होते. वेळ, काम, टार्गेट, सगळे जिथल्या तिथे. माझ्यावर असे भराभर लिहिले जात होते आणि मला वाटत होते, हाच तो माणूस, हाच तो मार्कर, आणि कसले सुंदर टार्गेट!

मात्र आमचे कोंडीराम म्हणजे कोंडीराम. त्यांनी लिहिले, '५:४० बाटल्या भरणे. ५:५५ गाडीत बसणे. ६:०० निघणे. ८:०० नैसर्गिक थांबा, ४ मिनिटे.' दुसऱ्या दिवसापुढे लिहिले, 'चांदोली. ८:१० गवा दिसणे.'

मिनल हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. "पप्पा, गव्याला कुणी कळवलंय का?"

"टार्गेट लिहिलं की माणूस नीट बघतो," ते गंभीरपणे म्हणाले. रत्नागिरीपुढे त्यांनी लिहिले, '५:५८ ते ६:०३ सूर्यास्त, समुद्र बघणे.' पाच मिनिटे. आणि शेवटच्या रकान्यात, जबाबदारी: संघर्ष, फोटो.

असा मी भरत गेलो. जाईबाई येता जाता माझ्याकडे बघायच्या. एकदा हात पुसत आल्या, निळ्या रेघेवर बोट न टेकवता हवेतूनच वरपासून खालपर्यंत फिरवले आणि म्हणाल्या, "एवढा मोठा हाय व्हय?" त्यांनी बाजारातून नवी टोपी आणली, सुती, काठाला फुले असलेली. ती त्यांनी कपाटात ठेवली आणि दिवसातून दोनदा काढून बघितली. शेजारच्या सुभद्राबाईंना तर त्यांनी तीनदा सांगितले की आम्ही बारा दिवस नसणार. घासणीची जागा मऊ फडक्याने घेतली, हेही नोंदवून ठेवतो.

निघायला एक आठवडा राहिला. अकरा डिसेंबर, गुरुवार. कोंडीराम म्हणाले, "ट्रायल घेऊ." कारखान्यात नवी गाडी सुरू करण्याआधी ट्रायल घेतातच. सगळ्यांनी सामानासकट खाली जायचे, डिकी भरायची, बसायचे, पट्टे लावायचे. टार्गेट पंधरा मिनिटे. कोंडीरामांनी मोबाइलमध्ये स्टॉपवॉच लावले आणि मंडळी दार ओढून गेली. मी उत्सुकतेने वाट बघत राहिलो.

वर आले ते कोंडीराम नाराज होऊन. त्यांनी लाल मार्कर काढला. झाले: २३ मिनिटे. तफावत: ८. आणि कारणाच्या रकान्यात, सवयीने, एकही क्षण विचार न करता त्यांनी लिहिले, 'जाई'.

मागोमाग जाईबाई जिना नको म्हणून लिफ्टने आल्या. हातात थर्मास, खांद्याला डब्यांची पिशवी, काखेत चटई. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, वाचायला वेळ लागतो, पण वाचतात सगळे. त्यांनी तो लाल शब्द वाचला. मग वरपासून वाचायला सुरुवात केली. पहिला दिवस: पहाटे साडेतीनला दशम्या, जबाबदारी जाई. चहाचा थर्मास, जबाबदारी जाई. दुपारचा डबा, जाई. ओले कपडे वाळवणे, जाई. औषधे, जाई. दुसरा दिवस. तिसरा दिवस. बाराव्या दिवसापर्यंत त्यांचे बोट सावकाश खाली गेले. समुद्र बघण्यापुढे त्यांचे नाव नव्हते. तिथे संघर्ष होता.

मित्रांनो, मी ते सगळे तीन आठवडे अंगावर मिरवत होतो. माझ्या लक्षात आले नाही. दुसऱ्याला काय दोष द्यायचा?

"मी येत न्हाई," जाईबाई म्हणाल्या.

"अगं, काय झालं?" कोंडीराम गडबडले. "आठ मिनिटांचं काय एवढं? पुढच्या ट्रायलला..."

"तुमी जा तिघं. मी डबे करून देते." आणि त्या खुर्चीवर बसल्या. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होते.

मिनल जवळ जाऊन बसली. "मम्मी, बोल की."

जाईबाईंनी हातातल्या थर्मासचे झाकण फिरवून काढले. मग कोंडीरामांकडे बघून म्हणाल्या, "चौदा वर्षं सांगत आलाय मला. आमच्या कंपनीत दोरी हाय. कुणीबी ओढली की अख्खी लाइन थांबती. आन् साहेब पळत येऊन इचारतो, काय झालं? किती कौतिकानं सांगायचा. मी भाकऱ्या थापत ऐकायची. मला वाटायचं, आपल्या घरात कुठं हाय ती दोरी? बत्तीस वर्षं झाली, मला घावली न्हाई." त्यांनी झाकण परत घट्ट लावले. "तर आज ओढली, समजा."

खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होते, तिचे टूंटूं तेवढे ऐकू येत होते. सगळी सहल तिथे अडली होती, आणि सहलीपेक्षाही बत्तीस वर्षांचा शब्द अडला होता. या बाईने आज पाठ फिरवली, तर उन्हाळ्यात ऑपरेशन, मग पावसाळा, मग आणखी काहीतरी. समुद्र टीव्हीतच राहणार, हे मला दिसत होते. मी जन्मात लाल आकड्याला घाबरलो नव्हतो, त्या दिवशी घाबरलो.

कोंडीराम उभे होते. त्यांनी लाल मार्करला टोपण लावले. मग ते, कारखान्यात जायचे तसे, चार पावले झपझप चालत जाईबाईंच्या खुर्चीपाशी गेले.

"थँक्यू," ते म्हणाले. मग नियमातले पुढचे विचारले. "काय झालं?"

जाईबाईंचे डोळे भरले आणि त्या हसल्याही. "मला समुद्रापाशी नुसतं बसायचंय. पाच मिन्टं न्हाई. उठावं वाटंल तवा उठंन. कुणी घड्याळ दावायचं न्हाई. डबे मी करणार न्हाई, लोकाच्या हातचं खाणार. आन् म्होरं बसणार, डायवरच्या बाजूला. मागं बसून मला नुसती तुमची टाळकी दिसत्यात."

"अजून?" संघर्षने विचारले. त्याने कुठूनतरी कागद घेतला होता.

"अजून आठवंल तसं सांगंन."

आणि मग कोंडीरामांनी जे केले, ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी सयाजीच्या काळ्या पट्टीत नख घातले आणि जबाबदारीचा रकाना उपटायला लागले. चौदा वर्षे आणि दोन पावसाळे चिकटलेली पट्टी! चरचर करत निघाली, खरे सांगतो, दुखले. वरचा ऑइलपेंट मिनलने थिनरने पुसला. सयाजीचा शब्द खोटा ठरला. रकाना गेला तिथे माझी कातडी पिवळट दिसत होती, पण हलके वाटत होते.

मग नवा बेत आखला गेला आणि या वेळी मार्कर जाईबाईंच्या हातात. कुद्रेमुख गेले. मोले गेले. संघर्षने दोन मिनिटे तोंड पाडले, पण चांदोली आणि अंशी राहिली म्हणून खूष झाला. गोकर्णहून मागे कारवारला यायचे, अंशीच्या जंगलातून घाट चढून बेळगाव, कोल्हापूर करत घरी. मिनिटांचे आकडे पुसले गेले. गवा तेवढा ८:१० लाच राहिला, तो जाईबाईंनीच पुसू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या की, यायचा बिचारा वक्तावर." आणि सगळ्यांत खाली कोंडीरामांनी लिहिले, 'गाडीत दोरी बसवणे.'

ते त्यांनी खरेच केले. नायलॉनची पिवळी दोरी आणली, पुढच्या सीटवर दाराच्या वरच्या मुठीला बांधली, आणि मिनलने तिच्या टोकाला एक पितळी घंटी अडकवली. पुढे बसणारीने घंटी वाजवली, की चालवणाऱ्याने जागा बघून गाडी कडेला घ्यायची आणि थँक्यू म्हणायचे. अठराच्या सकाळी दाराला कुलूप लागले तेव्हा जाईबाईंच्या डोक्यावर फुलांच्या काठाची टोपी होती आणि हातात फक्त पर्स. सहाला निघायचे ते सात वाजून गेले होते. कोणी एक अवाक्षर काढले नाही.

आणि मी? मी भिंतीवर. बेत माझ्यावर आखला, पण मला कोण नेणार? लिफ्टमध्येसुद्धा मावत नाही मी. बारा दिवस त्या निळ्या रेघेवर ऊन सरकताना बघत राहिलो. आता पूर्णगड असेल, आता विजयदुर्ग असेल, असे स्वतःशीच म्हणायचो. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्याहून जास्त धाकधूक होती की ती घंटी वाजली का.

एकोणतीसला संध्याकाळी कुलूप उघडले. आधी वाळू आत आली, मग माणसे. सगळी काळवंडलेली, सगळी एकदम बोलणारी. त्यातून मला कळले ते असे, की चांदोलीत गवा दिसलाच नाही. ८:१० ला कोंडीराम घड्याळ धरून बसले होते आणि समोर एक मोर येऊन गेला. पण दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरताना एका झाडाला लालभडक फळे लागलेली बघून जाईबाईंनी घंटी वाजवली. गाडी थांबली, थँक्यू झाले, जाईबाई झाड बघत होत्या, आणि खाली उतारावर गवा उभा, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय घेऊन. संघर्षच्या हातून कॅमेरा पडता पडता राहिला.

आणि समुद्र! देवगडच्या अलीकडे, यादीत नसलेल्या एका किनाऱ्यावर जाईबाईंनी सकाळी नऊ वाजता घंटी वाजवली. उतरल्या, चटई न घालता वाळूत बसल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. दुपारी बाजूच्या घरातल्या बाईने जेवण आणून दिले, तिथेच जेवल्या. संध्याकाळी कोंडीराम शेजारी येऊन बसले, पण घड्याळ खिशात ठेवून. मग म्हणे जाईबाई म्हणाल्या, "उद्याबी इथंच." त्या दोन दिवसांपायी मालवण तासाभरात उरकले आणि गोकर्ण तर राहूनच गेले.

बॅगा अजून दारातच होत्या. जाईबाई सरळ माझ्याकडे आल्या. टोपीतून वाळू गळत होती. त्यांनी निळा मार्कर घेतला आणि सूर्यास्ताच्या ओळीपुढे सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिले. टार्गेट: ५ मिनिटे. झाले: दोन दिवस. तफावत: दोन दिवस. हात जरा थांबला. पुढचा रकाना त्यांच्याकडे बघत होता, तोच, जिथे एकदा लाल अक्षरांत लिहिले गेले होते. तिथे त्यांनी त्याच्याहून मोठ्या अक्षरांत, निळ्या रंगात लिहिले: जाई.

कोंडीरामांनी ते मोठ्याने वाचले. "कारण, जाई." आणि दारात सामान घेऊन उभ्या असलेल्या मुलांसमोर त्यांनी बायकोला म्हटले, "थँक्यू."

मित्रांनो, आता माझे फारसे काही मागणे नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला मऊ फडक्याने पुसा, घासणी लावू नका. त्याच्यावर हवे तेवढे बेत आखा, जंगलांचे आखा, समुद्राचे आखा, त्याच्यासारखा आनंद नाही. फक्त एकदा थांबून बघा, कोणाचे नाव कुठल्या रकान्यात गेले आहे. आणि सगळ्यांच्या हाताला लागेल अशी एक दोरी ठेवा.

उन्हाळ्यात जाईबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन आहे, त्याची तारीख वर कोपऱ्यात लिहिली आहे. गॅसचा नंबर परत आला आहे, इस्त्रीवालाही आला आहे. जाईबाई रोज सकाळी मला पुसतात. ती एक निळी ओळ आली की फडके वळवून तिच्या कडेने नेतात.